दाव्याचे टोक आणि रक्तातली हराळी

गेल्या महिन्यात आलेले एक पत्र मी दोनदा वाचून बाजूला ठेवले होते. त्याचे उत्तर चार ओळींत देण्यासारखे नव्हते. आज या सदराची सगळी जागा त्या एकाच पत्राला देतो. बाकीच्या पत्रलेखकांनी राग मानू नये, त्यांचा नंबर पुढच्या आठवड्यात लागेल.

पत्र एका शेतकरी गृहस्थाचे आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा पाच वर्षांचा. उन्हाळ्यात त्याला सारखा बारीक ताप येऊ लागला, तोंडावरचा रंग उडाला, पाय दुखतात म्हणून रात्री रडू लागला. मग पायांवर मुका मार लागल्यासारखे काळेनिळे डाग दिसले. आधी हिवतापाची औषधे झाली, रक्तवाढीची बाटली झाली. शेवटी कोणीतरी रक्त तपासायला सांगितले आणि ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. मुंबईला नेले. महिना-सव्वा महिना औषधे झाल्यावर हाडातला मगज तपासला, तर त्यात रोगाच्या पेशी दिसेनात. आता चौथा महिना चालू आहे. पोर गोट्या खेळते, भाकरी मागून खाते. डॉक्टर मात्र म्हणतात, उपचार अजून दोन वर्षे.

चुलते लिहितात, "आमचे वडील म्हणतात, पोरगं बरं झालंय, आता कशाला त्याच्या अंगात विष घालता? सोयाबीनचे दिवस आहेत, एक माणूस मुंबईत अडकून पडतो. वहिनी नुसत्या रडतात. खरे काय ते सांगा. दुसरे असे, की माझी मुलगी बारावीला शास्त्र शाखेला आहे. तिने मोबाइलवर वाचले, की कर्करोगाची पेशी टेलोमरेज नावाच्या पदार्थामुळे मरत नाही आणि तो पदार्थ बंद पाडणारे औषध अमेरिकेत निघाले आहे. ते आणले तर दोन वर्षांचे काम दोन महिन्यांत होईल का?"

आजोबांचा प्रश्न एक आणि नातीचा दुसरा. पण नातीच्या प्रश्नात थोडे खोल शिरले, की आजोबांचे उत्तर तिथेच सापडते. म्हणून आधी नातीकडे वळू.

दावे डोळ्यांसमोर आणा. वाखाचे असो की अंबाडीचे, दावे वळून झाल्यावर आपण त्याचे टोक मोकळे सोडत नाही. गाठ मारतो, किंवा टोक उलटे वळवून पेडात खोवतो. मोकळ्या टोकाचा पीळ सुटतो, पेड विसकटतात आणि चार महिन्यांत ते दावे जनावर बांधण्याच्या लायकीचे राहत नाही.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि बहुतेक प्रत्येक पेशीत अशी ४६ दावी असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. प्रत्येक दावे दुपेडी असते, आणि शरीर कसे घडवायचे, कसे चालवायचे, याचा सगळा मजकूर त्या पेडांवर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. हेच ते डीएनए. ४६ दाव्यांची टोके झाली ९२. या प्रत्येक टोकाला निसर्गाने गाठ मारून ठेवली आहे. त्या गाठीचे नाव टेलोमिअर. ग्रीक भाषेत टेलॉस म्हणजे शेवट आणि मेरॉस म्हणजे भाग. १९३८ मध्ये हर्मन मुल्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने फळांवरच्या बारीक माश्यांवर काम करताना हे नाव दिले. या गाठीत कामाचा मजकूर काहीच नसतो. टी-टी-ए-जी-जी-जी हा सहा अक्षरांचा तुकडा एकापुढे एक शेकडो-हजारो वेळा लिहिलेला असतो, बस्स. आणि गंमत अशी, की १९९९ मध्ये अतिसूक्ष्म दर्शकाखाली पाहिले तेव्हा हे टोक उलटे वळून पेडात खोवलेले दिसले. आपला आजा दावे वळताना करायचा, अगदी तसेच.

गाठ नसेल तर काय होते, हे मक्याच्या झाडाने दाखवून दिले. अमेरिकेत बार्बारा मॅक्लिंटॉक नावाची एक बाई आयुष्यभर मक्यावर संशोधन करीत राहिली. स्वतः मका लावायची, स्वतः राखायची आणि त्याच्या पेशी काचेखाली न्याहाळायची. तुटलेल्या गुणसूत्राचे मोकळे टोक दुसऱ्या मोकळ्या टोकाला चिकटते, पेशी दुभंगताना त्या जोडाला दोन्हीकडून ओढ बसते आणि तो पुन्हा भलतीकडेच तुटतो, असे तिने १९३० आणि १९४० च्या सुमारास दाखवले. एकदा टोक सुटले की गोंधळावर गोंधळ. बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. मक्याच्या शेतातून निघालेले शहाणपण आज कर्करोगाच्या दवाखान्यात कामाला येते आहे, हे शेतकऱ्यांच्या घरात मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आता पुढची गोष्ट नांगराची.

एका पेशीच्या दोन होतात तेव्हा सगळ्या ४६ दाव्यांची नक्कल करावी लागते. पण नक्कल करणारी यंत्रणा टोकापर्यंत पोहोचत नाही. बैलजोडी बांधापर्यंत गेली तरी औत वळवायला जागा लागतेच. बांधाकडेची तेवढी पट्टी तासावाचून राहते. तसेच इथे होते. प्रत्येक नकलेत टोकाची पन्नास ते दोनशे अक्षरे उतरायची राहून जातात. नव्या पेशीची गाठ जुन्या पेशीपेक्षा थोडी आखूड. तिच्या लेकीची आणखी आखूड. गाठीत मजकूर नसतो तो याचसाठी. झिजायचे ते तिनेच झिजावे, आतल्या लिखाणाला धक्का लागू नये. ही टोकाची अडचण १९७१ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी कागदावर मांडली. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६१ मध्ये, अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक यांना काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या पेशी चाळीस ते साठ वेळा दुभंगून थांबतात, असे आढळले होते. का थांबतात ते तेव्हा कळेना. गाठ संपत आली की पेशी थांबते किंवा मरते, हे त्याचे कारण पुढे उलगडले. जन्माच्या वेळी आपल्या रक्तातल्या पेशींची ही गाठ सुमारे दहा हजार अक्षरांची असते. पहिल्या काही वर्षांत ती भराभर झिजते, मग संथपणे झिजत राहते.

मग नात विचारील, की असे असेल तर पिढ्यान्‌पिढ्या माणूस टिकला कसा? आईबापांच्या झिजलेल्या गाठी मुलाला मिळाल्या असत्या तर वंश केव्हाच बुडाला असता. प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर तळ्यातल्या पाण्यात मिळाले. टेट्राहायमेना नावाचा एक डोळ्यांना न दिसणारा एकपेशी जीव तळ्यात राहतो. त्याच्यात छोटी छोटी गुणसूत्रे हजारोंनी असतात, म्हणजे टोकेही हजारोंनी. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न या बाईंनी १९७८ मध्ये त्याच्या टोकांवरची अक्षरे वाचली. नंतर त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशी, सगळे घरी सण साजरा करीत असताना, प्रयोगशाळेत एका नव्या पदार्थाची खूण दिसली. झिजलेल्या टोकाला नवी अक्षरे जोडणारा हा पदार्थ. तोच टेलोमरेज. हा कारागीर नमुना कुठून उसना आणीत नाही, तो स्वतःच्या कनवटीलाच बांधलेला असतो. त्याच्यावर बघून सहा-सहा अक्षरे टोकाला जोडत जातो. २००९ चे नोबेल पारितोषिक या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळाले.

हा दावे सांधणारा गडी सगळीकडे कामाला नसतो. बीजपेशींत तो भरपूर असतो, म्हणून वंश चालतो. मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत थोडा असतो, कारण त्यांना जन्मभर पुन्हा पुन्हा दुभंगावे लागते. बाकी बहुतेक ठिकाणी त्याला कायमची सुट्टी. ही सुट्टी आपल्या भल्याची आहे. एखादी पेशी बिघडली आणि बेताल दुभंगू लागली, तरी गाठ संपली की तिला थांबावेच लागते. निसर्गाने घातलेले हे कुंपणच समजा.

कर्करोगाची पेशी हेच कुंपण ओलांडते. १९९४ मध्ये वेगवेगळ्या कर्करोगांच्या गाठींचे १०१ तुकडे तपासले गेले, त्यांतल्या ९० मध्ये टेलोमरेज जागा असलेला आढळला. ज्याला सुट्टी दिली होती तो गडी चोराच्या घरी कामाला लागलेला.

रक्ताच्या कर्करोगात तर चोराला लांब जावेच लागत नाही. आत्ताच सांगितले, की रक्तातल्या काही पेशींत टेलोमरेज मुळातच थोडा जागा असतो. मुलांचा नेहमीचा ल्युकेमिया मगजातल्या कोवळ्या पांढऱ्या पेशीपासून सुरू होतो. ती मोठी होऊन कामाला लागायची सोडून कोवळेपणीच दुभंगत सुटते आणि मगजाची जागा अडवते. मग तांबड्या पेशी कमी, म्हणून पोर फिके पडते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी, म्हणून काळेनिळे डाग. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून ताप. मगज आतून तुंबतो, म्हणून हाडे दुखतात. दोन-तीन आठवडे ताप हटत नाही, पोर फिके पडत चालले आहे, मार नसताना डाग आहेत, मानेत-काखेत गाठी आहेत किंवा पोर लंगडते आहे, असे दिसले तर रक्तवाढीच्या बाटलीवर दिवस घालवू नका. रक्तातल्या पेशींची साधी मोजणी करून घ्या. ती तालुक्याच्या गावी होते.

थोडा हिशोब करू. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चाळीस वेळा दुप्पट केले की आकडा एक लाख कोटीच्या वर जातो. रोग ओळखला जातो त्या वेळी मुलाच्या अंगात रोगट पेशी साधारण एवढ्या असू शकतात. वाटेत असंख्य पेशी मरतातही, म्हणून खऱ्या दुपटी चाळीसहून पुष्कळ जास्त होतात. एवढ्या नकलांनी गाठी झिजतात, आणि त्या तशा झिजलेल्या सापडतातही. मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशींची टोके त्याच मुलाच्या निरोगी रक्तपेशींपेक्षा आखूड असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. पोर पाच वर्षांचे, आणि त्या पेशी मात्र झिजून म्हाताऱ्या झालेल्या. तरी मरत नाहीत, कारण गाठ पार संपायच्या आत टेलोमरेज ती पुन्हा सांधून देतो. रोग ओळखला जातो तेव्हा मगजात टेलोमरेजचा जोर चढलेला असतो आणि औषधांनी रोग हटला की तो उतरतो, असेही आढळले आहे.

आता आजोबांकडे येऊ. आजोबा, तुम्ही हराळी काढली आहे. कुळवाच्या दोन पाळ्या दिल्या, वरून रान स्वच्छ दिसते. पण मातीखाली पेराएवढा तुकडा राहिला तर पावसाळ्यात काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. मगजात पेशी दिसेनात म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनात. एक लाख कोटींतल्या शंभर कोटी उरल्या तरी त्या भिंगाला सापडत नाहीत. शंभर कोटींच्या पुन्हा एक लाख कोटी व्हायला दुपटी किती लागतात? फक्त दहा. त्या पेशी साध्या असत्या, तर आपण म्हटले असते, की राहू द्या, थकून मरतील. पण त्यांच्याजवळ दावे सांधणारा गडी आहे. त्या थकत नाहीत. म्हणून पोर गोट्या खेळत असताना औषध चालू ठेवायचे. हे औषध दिसणाऱ्या रोगासाठी नाही, न दिसणाऱ्या पेरांसाठी आहे.

माझ्याकडे पूर्वी एक मुलगी यायची, सात वर्षांची. तिचे पाचव्या महिन्यात सगळे थांबवले. घरात लग्न होते, पैसा सरला होता आणि पोरगी तर टुणटुणीत दिसत होती. कोणाला बोल लावायचा? वर्षाच्या आत ती पुन्हा तशीच फिकी होऊन आली. उलटलेला रोग पहिल्या औषधांना तितकासा जुमानत नाही. ती गेली. तेव्हा मी तिच्या घरच्यांना हा दुपटींचा हिशोब समजावून सांगितला नव्हता, एवढेच मला अजून टोचते.

"विष" हा शब्द आजोबांनी बरोबर वापरला आहे, मी तो खोडत नाही. ही औषधे दुभंगणाऱ्या पेशींना मारतात, त्यात चांगल्याही काही मरतात. पण हीच विषे नव्हती तेव्हा काय होते ते पाहा. १९४७ पर्यंत हा रोग झालेले मूल काही महिन्यांत जायचे. त्या सुमारास बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन वापरून मुलांचा रोग पहिल्यांदा काही काळ मागे हटवला. ते औषध बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आज या मुलाला मिळत असणार. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टिन, ते तर तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघते. मात्र सदाफुलीचा पाला वाटून पोराला पाजायचे मनातही आणू नका. एका इंजेक्शनाला लागणारे औषध गाळून काढायला ढीगभर पाला लागतो, आणि पाल्यातली बाकीची द्रव्ये पोराला बाधतात ती वेगळीच.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८४ पासून या रोगासाठी औषधांचा एक ठरावीक क्रम सुरू झाला आणि १९९० नंतरच्या वर्षांत निम्म्याहून जास्त मुले तरू लागली. श्रीमंत देशांत आज शंभरातली नव्वदच्या आसपास मुले पूर्ण बरी होतात. ही मजल मुख्यतः जुन्याच औषधांचा क्रम नीट बसवून, मुदत पूर्ण करून गाठली आहे.

पुढच्या दोन वर्षांतला बराच काळ मुंबईत राहायचेही नसते. जोराचे उपचार संपले की राखणीचा टप्पा येतो. त्यात बहुधा मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, घरीच. ठरल्या दिवशी तपासणी. इथे दोन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते. वार ठरवा, बाजाराचा वार ठेवलात तर विसरणार नाही. आणि रोजची गोळी चुकवू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात गोळ्या घरी घेणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवले, तेव्हा शंभरातल्या पाचांहून जास्त गोळ्या चुकवणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक निघाला. शंभरात पाच म्हणजे महिन्यात जेमतेम दीड गोळी. हराळीचे पेर एवढ्याशा चुकीची वाट बघत असते. आणि औषधे चालू असताना ताप आला, तर तो साधा समजायचा नाही. रात्र असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात बाई-बुवा बसलेले असतात ते कागद करून देतात. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. मुंबईत उतरायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या कर्करुग्णांची सोय होते. राखणीच्या टप्प्यातली रक्ततपासणी जिल्ह्याच्या गावी करून अहवाल कळवला तर चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. सोयाबीनची अडचण सांगायला लाजू नका. न सांगता फेरी चुकवण्यापेक्षा सांगितलेले बरे.

आता नातीचे औषध. ते आहे, हे खरे. इमेटेलस्टॅट त्याचे नाव. ते टेलोमरेजला चिकटून त्याचे काम बंद पाडते. जून २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण कशासाठी, ते नीट वाच, पोरी. मोठ्या माणसांच्या मगजाच्या एका दुखण्यात वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्यातल्या काहींसाठी. मुलांच्या ल्युकेमियासाठी ही परवानगी नाही. त्याची कारणेही आहेत. पहिले असे, की टेलोमरेज बंद पडला तरी रोगट पेशी त्या दिवशी मरत नाही. तिच्या उरल्यासुरल्या गाठीला झिजायला पुष्कळ दुपटी लागतात. रक्ताचा कर्करोग तेवढा वेळ देत नाही. म्हणजे दोन वर्षांचे काम दोन महिन्यांत करणारे हे औषध नव्हेच, ते चालीने उलट सावकाश आहे. दुसरे कारण अधिक नाजूक. चोराकडे गेलेला गडी आपल्या घरच्या मगजातही थोडा राबतो, हे वर सांगितलेच आहे. मेंदूत गाठी असलेल्या आणि दुसरा इलाज न उरलेल्या मुलांवर हे औषध पूर्वी वापरून पाहिले होते. प्लेटलेट इतक्या घसरल्या, की दोन मुले मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावली आणि तो प्रयोग थांबवावा लागला. ज्या मुलांत जन्मतःच टेलोमरेज कमी पडतो, त्यांचा मगज वाळत जातो आणि पुढे त्यांनाच रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे हा गडी जास्त झाला तरी घात, कमी पडला तरी घात. त्याला नेमका चोराच्याच घरी कसा अडवायचा, यावर शास्त्रज्ञ झटत आहेत.

याच्या उलट दिशेची एक फसवणूक चालते, तीही सांगून ठेवतो. टेलोमिअर लांबवून म्हातारपण हटवतो म्हणणाऱ्या गोळ्या आणि भुकट्या जाहिरातींतून विकल्या जातात. कोणी पाहुणा पोराला ताकद यावी म्हणून तसली बाटली घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि बाटली परत द्या. रोगट पेशीला आणखी वाख पुरवायची आपल्याला काय गरज?

वहिनींसाठी दोन शब्द. अशा रडणाऱ्या आईच्या मनात बहुधा एकच असते, की माझे काय चुकले. लंडनचे मेल ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, पुढे रोग झालेल्या मुलांचे जन्मानंतर लगेच टाचेतून घेऊन जपून ठेवलेले रक्ताचे डाग तपासले. काहींच्या त्या डागांतच रोगाची पहिली खूण सापडली. म्हणजे मूल पोटात असतानाच एखाद्या पेशीत मजकूर चुकतो. अशी खूण असलेल्या बहुसंख्य मुलांना हा रोग कधीच होत नाही. कोणाला होतो, त्याला आईने काय खाल्ले, कोणाची दृष्ट लागली, ग्रहणात काय चिरले, यांतले काहीही कारणीभूत नसते. रोग सांसर्गिकही नाही. धाकट्या भावंडांना त्याच्याजवळ झोपवायला भिऊ नका. मात्र त्याला इतरांची सर्दी-कांजिण्या लागू नयेत एवढे सांभाळा.

फवारणीबद्दल कोणीतरी विचारीलच. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकन राज्यांतल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात काही कीटकनाशके-तणनाशकांच्या वापराबरोबर टेलोमिअर आखूड असल्याचे दिसले. घरात वापरलेली कीटकनाशके, गरोदरपणी बाईचा औषधांशी आलेला संबंध आणि मुलांचा ल्युकेमिया यांचीही सांगड काही अभ्यासांत आढळते. म्हणून या पोराला फवारणीमुळेच रोग झाला असे कोणी म्हणू नये, तसे एका मुलापुरते सांगता येत नाही. पण औषधाचा डबा माजघरात ठेवू नका, गरोदर बाईकडून पंप धुऊन घेऊ नका, आणि फवारणीचे कपडे पोरांच्या कपड्यांत मिसळू नका. हे मी या सदरात तिसऱ्यांदा लिहितो आहे.

हे पोर मोठे होईल तेव्हाही त्याच्याकडे लक्ष असावे. लहानपणी कर्करोगातून उठलेल्या माणसांच्या रक्तपेशींची टोके बरोबरीच्यांपेक्षा आखूड असल्याचे आढळले आहे. उपचारांची ती किंमत आहे, आणि माझ्या मते ती मोजण्यासारखी आहे. फक्त वर्षाची तपासणी पुढेही चुकवू नये, आणि मोठेपणी त्याच्या हाती तंबाखूची पुडी कोणी देऊ नये.

राहिला नातीचा शेवटचा सवाल, पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेला. टेलोमिअरची लांबी मोजून घ्यावी का? नको. त्यावरून आजचे उपचार ठरत नाहीत, पैसे जातील. त्याऐवजी पुढच्या फेरीला "एमआरडी" ही तपासणी झाली का आणि तिचा निकाल काय, ते विचार. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी दडली असेल तर ती शोधणारी ही तपासणी आहे. भिंगाला न दिसलेली हराळी तिला दिसते. निकालाचा कागद आला की त्यावरचा आकडा मला कळव.